पहिली दहा मिनिटे : अपघातग्रस्तांची शुश्रूषा आणि परिचारिकेचे शिक्षण

— एक माजी विद्यार्थिनी, मुरार (ग्वाल्हेर)

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी माहितीपर लेख पाठवावेत, असे संपादक मंडळाचे पत्र मला मुरारला मिळाले. आपल्या महाविद्यालयातून बारावी शास्त्र शाखा उत्तीर्ण होऊन मी परिचर्येच्या शिक्षणाला गेले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. लग्नानंतर मध्य प्रदेशात आले आणि येथलीच झाले. व्यवसायाने मी नोंदणीकृत परिचारिका आहे. रुग्णांच्या भाषेत ‘सिस्टर’.

परिचारिकेविषयी लोकांच्या मनात बहुधा दोनच चित्रे असतात. एक हातात दिवा घेतलेल्या सेवामूर्तीचे, दुसरे इंजेक्शन देणाऱ्या तुसड्या बाईचे. या बाईला नेमके काय येते आणि ते तिला कोणी शिकवले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचा एक लहानसा भाग मी येथे घेतला आहे. अपघातात जखमी झालेला माणूस रुग्णालयाच्या दारात येतो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत परिचारिकेने काय करायचे असते, ते ती कुठे शिकते, आणि शिकल्याचे जे प्रमाणपत्र मिळते त्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा प्रयत्न करते.

मुरार आणि जखमी माणसे

ग्वाल्हेर म्हणजे वास्तविक तीन गावे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळातून वाढलेले लश्कर, आणि इंग्रजी छावणीभोवती वाढलेले मुरार. ज्यांनी बेळगावचा कॅम्प पाहिला आहे त्यांना मुरारच्या छावणीचे रस्ते परके वाटणार नाहीत.

जून १८५८ मध्ये याच परिसरात लढाई पेटली. १६ जूनला इंग्रजांनी मुरारची छावणी घेतली आणि त्यानंतर लगेच कोटा की सराय येथील लढाईत झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जखमी होऊन मरण पावल्या. फूलबागेजवळ त्यांची समाधी आहे. माहेरची माणसे आली की मी त्यांना तेथे घेऊन जाते. त्या काळी जखमी शिपायाला उचलून सावलीत नेणे आणि जखम बांधणे यापलीकडे फारसे काही कोणाच्या हाती नव्हते. हिंदुस्थानातील लष्करी रुग्णालयांसाठी शिकलेल्या परिचारिका आल्या त्या तीस वर्षांनी. २८ मार्च १८८८ रोजी अशा दहा परिचारिका मुंबईला उतरल्या, आणि आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची परंपरा तेथपासून मोजतात.

आज मुरारला जखमी माणसे येतात ती रस्त्यावरून. आग्रा–ग्वाल्हेर–झाशी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जवळून जातो, आणि भिंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसरात्र मालमोटारी, ट्रॅक्टर आणि दुचाक्या यांची एकच गर्दी असते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक मृत्यू. पुणे–बेळगाव–धारवाड मार्गावरून जा-ये करणाऱ्या आपल्या वाचकांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एक रात्र

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. रुग्णालयाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. अशी रुग्णालये प्रत्येक गावात आहेत. रात्रपाळीला मी, एक वॉर्डबॉय आणि एक डॉक्टर. डॉक्टर आत एका हृदयविकाराच्या रुग्णापाशी अडकलेले. साडेदहाच्या सुमारास चारपाच माणसांनी एका तरुणाला जीपमधून उतरवून आणले. मोटारसायकल घसरून तो रस्त्याकडेच्या दगडावर आदळला होता. डोक्याला मोठी जखम, सारा चेहरा रक्ताने माखलेला. नातेवाइकांचा आरडाओरडा चालू होता, “सिस्टर, सिर देखिए, सिर से खून जा रहा है!”

मीही डोकेच पाहिले. जखम धुतली, दाबून पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पोलिसांना कळविण्याची नोंद केली. रक्तदाब ११०/९० भरला तो केसपेपरवर लिहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. तरुण बोलत होता, पाणी मागत होता आणि पुनःपुन्हा उठून बसू पाहत होता. त्याचे हात गार लागत होते. मी मनात म्हटले, जानेवारीची थंडी आहे. “लेटे रहो भैया,” असे मी त्याला दोनतीनदा दटावले.

सव्वा तासाने तो अचानक पांढराफटक पडला. डॉक्टर धावत आले, सलाईन लागले, मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची धावपळ झाली. तो वाटेतच गेला. दोन दिवसांनी कळले की शवविच्छेदनात पोटात रक्त साठलेले सापडले. प्लीहा फुटली होती. डोक्याची जखम वरवरचीच होती.

मला कोणी बोल लावला नाही. कागदोपत्री माझे काहीच चुकले नव्हते. तो वाचला असता की नाही हे आजही मला सांगता येणार नाही. परंतु त्याच्या शरीराने मला चार वेळा सांगितले होते, आणि मला ती भाषा वाचता आली नव्हती. गार हात, तहान, अस्वस्थपणा या तीन खुणा. चौथी खूण मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती : ११०/९०. वरचा आकडा चांगला होता म्हणून मी निश्चिंत झाले. वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर केवळ वीस उरले आहे, हे मी पाहिलेच नाही. रक्त कमी होऊ लागले की शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवून धरते, त्यामुळे खालचा आकडा चढतो आणि अंतर कमी होते. धडधाकट तरुणाच्या शरीरातील जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत वरचा आकडा फारसा खाली येत नाही. तो खाली येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. नाडी आधीच धावू लागलेली असते. त्या रात्री मी नाडी मोजली होती की नाही, हेसुद्धा मला आठवत नाही.

नोंदणी म्हणजे काय?

कोणी विचारील, तुम्ही तर शिकलेल्या, नोंदणीकृत परिचारिका. मग हे तुम्हाला कसे ठाऊक नव्हते? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी नोंदणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

आपल्या देशात परिचारिका होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे जीएनएम ही पदविका, अथवा चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी. अभ्यासक्रमाचा दर्जा राखण्यासाठी १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल स्थापन झाले. (२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा संमत केला, जुन्या व्यवस्थेच्या जागी आयोगाची व्यवस्था आणावी हा त्याचा हेतू.) परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. माझे नाव प्रथम कर्नाटकात नोंदले गेले. मध्य प्रदेशात काम करायचे म्हणून तेथून ना-हरकत पत्र आणून येथे पुन्हा नोंदणी करावी लागली.

ही नोंदणी म्हणजे रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचा कायदेशीर अधिकार. तीनचार वर्षांत विद्यार्थिनीला बाळंतपणापासून वेड्यांच्या इस्पितळापर्यंत आणि गावच्या लसीकरणापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सारे शिकावे लागते. अपघात-विभाग त्यांतला एक छोटा भाग. अपघातावर पाठ होते, परीक्षेत प्रश्नही येत. परंतु रक्ताळलेला माणूस समोर, नातेवाईक कानाशी, डॉक्टर दुसरीकडे, अशा वेळी कोणती गोष्ट पहिली आणि कोणती दुसरी हे हाताला वळण लागल्याशिवाय सुचत नाही. पोहण्यावरचे पुस्तक पाठ करून कोणी पोहायला शिकत नाही, तसेच हे.

क्रम कसा ठरला?

अपघातग्रस्ताला तपासण्याचा जो क्रम आज जगभर शिकवतात, त्याच्यामागे एका कुटुंबाची शोकांतिका आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद स्वतःचे छोटे विमान चालवीत सहकुटुंब चालले होते. नेब्रास्का राज्यात ते विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. ते स्वतः आणि मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले ते पाहून डॉक्टर हादरले. तेथील माणसे दुष्ट वा आळशी नव्हती. अशा प्रसंगी काय आधी करायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. डॉ. स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अभ्यासक्रम तयार केला. १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग भरला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो आपलासा केला. अॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, थोडक्यात एटीएलएस, तो हाच. ही हकीकत मी प्रथम ऐकली तेव्हा मला त्या लहान रुग्णालयातील रात्रपाळीच्या नर्सची आठवण आली. मी तिला पाहिले नव्हते, पण ती मला चांगली ओळखीची वाटली.

या क्रमाला इंग्रजी मुळाक्षरांची नावे आहेत. धो-धो वाहणारे रक्त दिसत असेल तर ते दाबून थांबवायचे, आणि मग :

ए – श्वासमार्ग. घशात रक्त, दात, उलटी अडकली आहे का? मान न वाकवता जबडा पुढे उचलून मार्ग मोकळा करायचा. मानेचा मणका मोडला आहे असे धरूनच चालायचे.

बी – श्वास. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का? एका बाजूला आवाज नाही, श्वास कोंडतो आहे, तर छातीत हवा कोंडली असेल. त्या रुग्णाला क्ष-किरण चित्राची वाट पाहायला वेळ नसतो.

सी – रक्ताभिसरण. नाडी, हातापायांची उष्णता, कातडीचा रंग. दोन जाड सुया शिरेत, रक्ताचा नमुना रक्तपेढीकडे. रक्त बाहेर दिसत नसेल तर ते छातीत, पोटात, कटिबंधात किंवा मांडीत लपले आहे का ते शोधायचे.

डी – मेंदूची स्थिती. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी एक मोजपट्टी तयार केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५.

ई – उघडून पाहणे. सारे कपडे कापून पाठपोट तपासायचे आणि लगेच पांघरूण घालायचे. जखमी माणूस गारठला की त्याचे रक्त नीट गोठत नाही.

या क्रमाचा मर्म असा की पुढच्या अक्षराकडे जाण्यापूर्वी हाती असलेली अडचण दूर करायची. आणि सर्वांत डोळ्यांत भरणारी जखम सर्वांत घातक असतेच असे नाही. मी त्या रात्री क्रम सोडून डोळ्यांच्या मागे गेले होते.

परिचारिकांसाठी वेगळे शिक्षण

एटीएलएस डॉक्टरांसाठी आहे. परिचारिकांसाठी त्याच्या जोडीला अॅडव्हान्स्ड ट्रॉमा केअर फॉर नर्सेस, म्हणजे एटीसीएन हा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ट्रॉमा नर्सेस तो चालवते, आणि भारतातही त्याचे वर्ग भरतात. डॉक्टरांची आणि परिचारिकांची व्याख्याने एकत्र होतात, हातांचे काम मात्र वेगवेगळ्या गटांत. दुसरा अभ्यासक्रम ट्रॉमा नर्सिंग कोअर कोर्स, टीएनसीसी. अमेरिकेतील इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनने तो १९८६ मध्ये सुरू केला. दोन दिवसांचा वर्ग असतो आणि लेखी परीक्षेत शेकडा ८० गुण मिळवावे लागतात.

मी दिल्लीला अशा एका वर्गाला गेले ते रजा टाकून आणि स्वखर्चाने. दोनतीन दिवसांत कोणी काय शिकणार, असे मलाही वाटले होते. पण पुस्तक आधीच घरी पाठवतात आणि ते वाचून यावे लागते. तेथे बसवून ठेवीत नाहीत, उभे करतात. एक स्वयंसेवक जखमी होऊन पडतो, रंगाने माखलेला. परीक्षक सांगतो, “उंचावरून पडला आहे, सुरू करा.” मग प्रत्येक गोष्ट हाताने करायची आणि तोंडाने मोठ्याने बोलायची. मी पहिल्याच फेरीत मांडीवरच्या खोट्या जखमेकडे धावले. परीक्षक शांतपणे म्हणाला, “सिस्टर, तुमचा रुग्ण श्वास घेत नाही.” वर्गात हशा झाला नाही, कारण आधीच्या तिघीही त्याच जखमेकडे धावल्या होत्या.

तेथे शिकलेल्या तीन गोष्टी येथे सांगते.

पहिली, रुग्णाला कुशीवर कसे वळवावे. हे साधे वाटते. चार जण लागतात. डोके धरणारा हुकूम देतो आणि त्याच्या ‘तीन’वर सर्वांनी एका फळीसारखे अंग वळवायचे. दोघांनी ओढाताण करून वळवलेल्या रुग्णाचा मोडका मणका आतील मज्जारज्जू कापू शकतो, आणि माणूस जन्माचा पांगळा होतो.

दुसरी, वेळ लिहिणे. अपघात किती वाजता झाला, हा प्रश्न आम्ही पूर्वी पोलिसांच्या नोंदीसाठी विचारीत असू. २०१० मध्ये क्रॅश-२ नावाचे मोठे संशोधन प्रसिद्ध झाले; ४० देशांतील २०,००० हून अधिक जखमींवर ते झाले आणि त्यांत भारतातील रुग्णालयेही होती. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे स्वस्त औषध लवकर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. परंतु तीन तास उलटून गेल्यावर तेच औषध अपाय करू शकते. औषध लिहून देणार डॉक्टर. पण तीन तास झाले की नाही, हे परिचारिकेने केसपेपरवर टिपलेल्या एका वेळेवर ठरते.

तिसरी आणि मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट म्हणजे बोलणे. आपल्याकडे परिचारिकेला हळू बोलण्याची, डॉक्टरांनी विचारले तरच सांगण्याची सवय लागलेली असते. या वर्गात सांगतात की जे दिसले ते आकड्यांसह आणि सर्वांना ऐकू जाईल असे बोला. ‘पेशंट जरा बरा वाटत नाही’ हे वाक्य निरुपयोगी. ‘नाडी १२८, हात गार, पोट कडक, आताच येऊन पाहा’ हे वाक्य उपयोगी. डॉक्टरांनी औषध सांगितले की ते तसेच मोठ्याने परत म्हणायचे, आणि दिल्यावर ‘दिले’ असे सांगायचे. त्यात कोणाचा अपमान नाही. माझ्या मते प्रमाणपत्राने मला जे दिले ते हेच : आवाज चढवण्याची परवानगी.

प्रमाणपत्राचे मोल

आता प्रमाणपत्रांविषयी, कारण या बाबतीत विद्यार्थिनींचा फार घोटाळा होतो. एटीसीएन आणि टीएनसीसी यांची प्रमाणपत्रे अल्पकालीन प्रशिक्षणाची आहेत. चार वर्षांनी त्यांची मुदत संपते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. याहून निराळी एक परीक्षा अमेरिकेत २०१६ पासून आहे, ट्रॉमा सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स या नावाची. तीत वर्ग नसतो. अनुभवी नोंदणीकृत परिचारिकेच्या ज्ञानाची कसोटी असते. परदेशी नोकरीच्या अर्जात अशा प्रमाणपत्रांचा उपयोग होतो, पण त्यांतले कोणतेही नोंदणीची जागा घेत नाही. आपल्या देशात या विषयात अधिक शिकायचे असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेली एक वर्षाची ‘इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंग’ ही पदविकोत्तर पदविका आहे, आणि अतिदक्षता परिचर्येतील नर्स प्रॅक्टिशनर हा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांनी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस यांनी २०१८ मध्ये काढलेले ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हे पुस्तक तरी वाचावे. ते विनामूल्य मिळते.

घरबसल्या तासाभरात मिळणाऱ्या रंगीत प्रमाणपत्रांपासून मात्र सावध राहा. ज्या वर्गात तुम्ही कोणाचीही मान धरली नाही, तेथे तुम्ही मान धरायला शिकला नाहीत.

चार वर्षांनी मुदत संपते याचा माझ्या मैत्रिणींना राग येतो. “पदवीची मुदत संपत नाही, मग याचीच का?” असे त्या म्हणतात. पैशाचा आणि रजेचा प्रश्न आहे, हे खरे. परंतु दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा मला कळले की पहिल्या वेळी पाठ असलेल्या कितीतरी गोष्टी हातातून निसटल्या होत्या, आणि ते माझे मला जाणवलेही नव्हते. ज्या विद्येवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ती मधूनमधून तपासून घ्यावी, हे रास्तच आहे.

खरी तक्रार वेगळी आहे. प्रशिक्षण घेऊन आलेल्या परिचारिकेला दोन महिन्यांत प्रसूती-विभागात पाठवतात, आणि तिचे प्रमाणपत्र तपासणीसाठी येणाऱ्यांना दाखवण्याच्या फाइलीत राहते. हा अनुभव मी घेतला आहे आणि अनेकींच्या तोंडून ऐकलाही आहे. शिवाय एकटी परिचारिका शिकून भागत नाही. कुशीवर वळवायला चार जण लागतात. त्यांतले तिघे न शिकलेले असतील तर चौथीचे ज्ञान काय कामाचे? ग्वाल्हेरला १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, जयारोग्य रुग्णालयाचे ट्रॉमा सेंटर आहे. परंतु जखमी माणूस पुष्कळदा आधी जवळच्या लहान रुग्णालयाच्या दारात उतरतो. पहिली दहा मिनिटे तेथेच खर्च होतात. म्हणून हे शिक्षण लहान रुग्णालयातील रात्रपाळीपर्यंत, वॉर्डबॉयपर्यंत पोहोचले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

तुम्ही काय करू शकता?

हा लेख वाचणारे बहुतेक जण परिचारिका होणार नाहीत. पण रस्त्याने सारेच जातात. अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी करा. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि कापड पुनःपुन्हा उचलून पाहू नका. जागा धोक्याची नसेल तर जखमीला ओढू नका, मान वळवू नका, पाणी पाजू नका. वेळ पाहून ठेवा. पोलिसांच्या भानगडीची भीती बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमही आले. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आणि एक प्रश्न विचारा. विद्यार्थिनी असताना कन्नड रुग्णांशी बोलण्यापुरते दोन शब्द मी शिकले होते : “एल्लि नोवु?” मराठी माणसाला मी “कुठे दुखतंय?” असे विचारी, मुरारला “कहाँ दर्द है?” विचारते. तेव्हा मला वाटे, हा विचारपूस करण्याचा प्रश्न आहे. आता ठाऊक आहे की ती तपासणीच आहे. रुग्ण स्पष्ट शब्दांत उत्तर देतो तेव्हा त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास चालू आहे आणि मेंदूला रक्त पोहोचते आहे, हे एका क्षणात कळते. ज्या भाषेत तो उत्तर देऊ शकेल त्या भाषेत विचारले पाहिजे, एवढेच. दोन भाषांच्या या नियतकालिकाच्या वाचकांना त्याचे महत्त्व अधिक समजेल.

गेल्या हिवाळ्यात असाच एक मुलगा आला, ट्रॅक्टरखाली सापडलेला. पाय रक्ताने भरला होता आणि सारे जण पायाकडे पाहत होते. पायावर दाब धरायला वॉर्डबॉयला सांगितले आणि मी श्वासापासून सुरुवात केली. “नाडी १३०, हात गार, पोट कडक,” असे मी इतक्या मोठ्याने म्हटले की डॉक्टर हातातले काम सोडून आले. काही मिनिटांत मोठ्या रुग्णालयाला दूरध्वनी गेला, रक्ताची सोय करा म्हणून सांगितले, आणि वेळा लिहिलेला कागद घेऊन रुग्णवाहिका निघाली. पुढे त्याचे काय झाले ते मला कळले नाही. परिचारिकेला पुष्कळदा ते कळत नाही. पण त्या कागदावर नाडी लिहिलेली होती.